डीपी जळाली तरी मेल हरवत नाही: घरच्या मेल सर्व्हरची मांडणी

घरात स्वतःचा मेल सर्व्हर ठेवायचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: लाइट गेली तर? जळगाव काय, शिरपूर काय, शहादा काय, उन्हाळ्यात डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की नवीन बसेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. मग तेवढ्या दिवसांचे मेल गेले का?

नाही. ज्या वेळी वेबसाइट बंद असते त्या वेळी आलेला माणूस निघून जातो, मेल मात्र थांबून पुन्हा येतो. मेल ज्या नियमांनी चालतो त्या एसएमटीपीत ही गोष्ट १९८२ पासून आहे. घेणाऱ्या सर्व्हरने पूर्ण मजकूर घेऊन '२५०' हे उत्तर दिलं की मेल त्याच्या जबाबदारीवर. उत्तर मिळेपर्यंत तो पाठवणाऱ्याच्याच ताब्यात राहतो आणि पाठवणारा ठरावीक वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. आंगडियाच्या हातात पाकीट दिलं आणि त्याने ते मोजून घेतलं की पुढचं त्याचं, तसंच हे. २००८ चा सुधारित नियम सांगतो की पाठवणाऱ्याने निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नयेत. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची आहे.

म्हणून खान्देशात घरचा मेल सर्व्हर लाइटमुळे अडत नाही, तो अडतो आयपी पत्त्यामुळे. घरच्या ब्रॉडबँडच्या आयपीवरून थेट पाठवलेला मेल मोठे सर्व्हर घेत नाहीत, आणि बहुतेक घरगुती कनेक्शनवर बाहेरून आत यायला वाटच नसते. त्यासाठी मांडणी दोन ठिकाणी करायची: दार भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे डेटा सेंटरमधल्या आभासी मशीनवर, आणि कपाट घरात. दाराशी मेल घेतला जातो, तपासला जातो, घर बंद असेल तर रांगेत थांबतो. साठा, पासवर्ड आणि मेलवरच्या डिजिटल सहीची किल्ली घरातच राहते. सगळंच व्हीपीएसवर ठेवणं सोपं पडतं, पण मग आपल्या पत्रांचं कपाट पुन्हा परक्याच्या घरात गेलं.

आधी घरची लाइन बघा

राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक घरं, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. स्टॅटिक आयपी विकत घेतला तर आत यायची वाट मिळते, पण त्याचं उलटं नाव, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड, कंपनीच्या हातात असतं आणि घरगुती प्लॅनवर ते बदलून मिळणं अवघड. शिवाय स्पॅम रोखण्यासाठी आयपींच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत घरगुती पट्टे मुद्दाम टाकलेले असतात. तुमचं काही चुकलं म्हणून नाही, तर घरच्या पट्ट्यातून थेट मेल येणं अपेक्षितच नाही म्हणून. २५ नंबरचा पोर्ट बाहेर जाताना बंद असणं हेही नेहमीचंच. या लढाईत पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दार: व्हीपीएस

एक कोअर, १ जीबी रॅम, २० जीबी डिस्क एवढं पुरे. महिन्याला साधारण पाचशे रुपयांच्या आसपास. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा बसवायचा नसेल तरच १ जीबीत भागतं, कारण तो एकटाच एक जीबीहून जास्त खातो. १ जीबीचा स्वॅप लावून ठेवा.

घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: २५ नंबरचा पोर्ट बाहेर जायला उघडून मिळेल का, आणि पीटीआर आपल्याला लिहिता येईल का. अनेक ठिकाणी पोर्ट सुरुवातीला बंद असतो आणि अर्ज केल्यावर उघडतात. यातलं एक जरी 'नाही' असलं तरी पुढे जाऊ नका.

मशीन हातात आलं की काहीही बसवण्याआधी त्याचा आयपी यादीत आहे का ते तपासा. आयपीचे चार आकडे उलटे लिहून स्पॅमहाउसच्या झेन यादीच्या नावाच्या आधी जोडायचे आणि डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारायचं. 'असं नाव नाही' हे उत्तर आलं तर आयपी स्वच्छ. आधीच्या भाडेकरूने घाण करून ठेवलेली असेल तर ते मशीन रद्द करून नवं घ्या. यादीतून नाव काढायच्या मागे लागण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

इथे एक खोल खड्डा आहे. हीच चौकशी सार्वजनिक डीएनएसमधून केली, उदाहरणार्थ गूगलच्या चार वेळा आठवाल्या (८.८.८.८) पत्त्यावरून, तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. अर्थ एवढाच की 'तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून विचारताय'. पण पोस्टफिक्समध्ये यादीचं नुसतं नाव लिहिलेलं असेल तर तो कुठल्याही उत्तराला 'यादीत आहे' समजतो, आणि आलेला प्रत्येक मेल नाकारला जातो. लॉगमध्ये सगळं जग स्पॅमर दिसायला लागलं तर कारण बहुधा हेच. व्हीपीएसवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा) बसवा, रिझॉल्व्हरचा पत्ता म्हणून १२७.०.०.१ द्या, आणि पोस्टफिक्समध्ये यादीच्या नावानंतर १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरं धरायची अट लिहा.

आता नाव. व्हीपीएसला 'मेल डॉट तुमचं डोमेन' असं नाव द्या आणि ते तीन ठिकाणी अक्षरशः एकच ठेवा: पोस्टफिक्सचं 'मायहोस्टनेम', डीएनएसमधला ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारा) आणि व्हीपीएसच्या पॅनेलमधला रिव्हर्स डीएनएस. आयपीवरून नाव आणि नावावरून पुन्हा तोच आयपी, असा फेरा पूर्ण झाला पाहिजे. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून हे सगळ्याच पाठवणाऱ्यांना सक्तीचं केलं आहे. सोबत एसपीएफ (डोमेनचा मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकतो याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), आणि टीएलएस, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारं कनेक्शनही. व्हीपीएसला आयपीव्ही६ पत्ता मिळाला असेल आणि त्याचा पीटीआर लिहिलेला नसेल, तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा. नाहीतर काही मेल जातात, काही परत येतात, आणि मेळ लागत नाही.

बोगदा

घर आणि व्हीपीएस वायरगार्ड या व्हीपीएनने जोडायचे, हाच बोगदा. व्हीपीएसला १०.८.०.१, घराला १०.८.०.२. हाक घराकडूनच जाते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घराच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर राउटर काही वेळाने वाट विसरतो आणि व्हीपीएसकडून घराकडे काही येत नाही.

एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटात किती बाइट मावतात त्या मर्यादेचा, दोष ओळखायला शिका, कारण तो फसवा असतो. छोटे मेल झटकन पोचतात, सातबाऱ्याची स्कॅन केलेली पीडीएफ लावली की मेल रांगेत अडकतो आणि लॉगमध्ये 'मजकूर पाठवताना वेळ संपली' असं दिसतं. पीपीपीओई कनेक्शनचा एमटीयू १४९२ असतो, बोगदा आयपीव्ही६ वरून असेल तर वायरगार्डचं वेष्टन ८० बाइट घेतं, उरतात १४१२. वायरगार्ड मात्र मुळात १४२० धरून चालतो. ते आठ बाइट मधे कुठेतरी गळतात, आणि छोट्या पाकिटाला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही टोकांना एमटीयू १३८० लिहून मोकळे व्हा.

बऱ्याच ठिकाणी असा सल्ला मिळतो की व्हीपीएसवर पोस्टफिक्स नको, फायरवॉलमधून २५ नंबर सरळ घराकडे वळवा. हे करू नका. वळवताना पत्ता झाकला गेला की घरच्या पोस्टफिक्सला सगळे मेल १०.८.०.१ वरून आल्यासारखे दिसतात. तो पत्ता 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे विश्वासाच्या पत्त्यांच्या यादीत, असला की सगळं जग घरचं ठरतं आणि तुमचा सर्व्हर कुणाचाही मेल कुठेही पोचवायला लागतो. याला ओपन रिले म्हणतात. असं दार सापडायला स्पॅमवाल्यांना काही तास पुरतात आणि त्यानंतर तो आयपी कामातून जातो. शिवाय घर बंद असताना थांबायला रांगच उरत नाही, म्हणजे या मांडणीचा मूळ फायदाच गेला.

दारावरचा पोस्टफिक्स

(सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि शब्दांच्या मधे अंडरस्कोर देऊन येतात.)

'रिले डोमेन्स'मध्ये तुमचं डोमेन. 'ट्रान्सपोर्ट मॅप्स'मध्ये त्या डोमेनची वाट १०.८.०.२ कडे, आणि तो पत्ता चौकटी कंसात, म्हणजे पोस्टफिक्स एमएक्स (डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारा डीएनएस रेकॉर्ड) शोधत बसत नाही. 'मायनेटवर्क्स'मध्ये स्वतःचं मशीन आणि १०.८.०.२/३२. अख्खं १०.८ नको.

'रिले रेसिपियंट मॅप्स' बहुतेक जण विसरतात. घरात खरोखर असलेल्या पत्त्यांची यादी इथे लिहायची: आई, बाबा, दुकान, जे असेल ते. ती नसली तर दार कुठल्याही नावाचा मेल घेतं, '२५०' म्हणून बसतं, मग घर म्हणतं असा माणूस इथे नाही, आणि आता तो मेल परत पाठवायची जबाबदारी दाराची. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, म्हणून तुमचा सर्व्हर भलत्याच लोकांना परतीचे मेल पाठवत सुटतो आणि स्वतः यादीत जातो. जे नाकारायचं ते '२५०' म्हणण्याआधी, दारातच. यादी बदलली की पोस्टमॅप ही आज्ञा (यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी) चालवायला विसरू नका, फाइल बदलून भागत नाही.

आकाराच्या मर्यादेतही हीच चूक होते. पोस्टफिक्समध्ये 'मेसेज साइझ लिमिट' मुळात १,०२,४०,००० बाइट असते. जोडलेली फाइल बेस६४ मध्ये गुंडाळली की एक तृतीयांशाने फुगते, म्हणून साडेसात एमबीच्या पुढची फाइल जात नाही. दोन्ही मशीनवर ५ कोटी बाइट करा. दारावर मोठी आणि घरात छोटी मर्यादा ठेवलीत तर पुन्हा तोच परतीच्या मेलचा घोळ.

रांगेची मुदत, 'मॅक्सिमल क्यू लाइफटाइम', १४ दिवस करा. रब्बीत डीपी जळाली, सगळ्या मोटारी चालू असल्याने नवी बसवलेलीही टिकली नाही, तरी पाच दिवसांच्या वर थोडा जीव राहतो. आणि 'मॅक्सिमल बॅकऑफ टाइम' मुळात ४००० सेकंद असतो. म्हणजे लाइट आल्यावरही मेल तासाभरापेक्षा जास्त वेळ दारातच पडून राहू शकतो. तो ९०० करा, आणि घरचं मशीन सुरू झालं की बोगद्यातून व्हीपीएसवर 'रांग हलव' ही आज्ञा जाईल अशी सोय करा.

स्पॅम तपासायला आरस्पॅमडी हा प्रोग्रॅम, तोही दारावरच. त्याचं ग्रेलिस्टिंग बंद ठेवा. त्यात थोडा संशय आलेल्या मेललाही 'नंतर या' सांगतात, आणि बँकेचा ओटीपी नंतर येऊन उपयोग नसतो. त्याचा शिकणारा भाग, बेझ, दोन्ही प्रकारचे प्रत्येकी २०० मेल शिकवल्याशिवाय कामाला लागत नाही. मराठी मेल त्याला मुद्दाम 'चांगले' म्हणून शिकवा. फक्त इंग्रजी स्पॅम दाखवून काम भागणार नाही.

डीएनएस

एसपीएफच्या रेकॉर्डमध्ये तीनच गोष्टी हव्यात: आवृत्ती, व्हीपीएसचा आयपी आणि शेवटी वजाचं चिन्ह लावलेला 'ऑल'. एका डोमेनला एकच एसपीएफ. डोमेन विकणाऱ्याने आधीच एक टाकून ठेवलेला असतो, तो काढा, कारण दोन झाले की दोन्ही रद्द धरले जातात.

डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची करा आणि सही घरातच करा. ओपनडीकेआयएम जुना आणि छोटा आहे, पण एवढ्या कामाला पुरतो, आणि खासगी किल्ली भाड्याच्या मशीनवर जात नाही. अडचण येते ती डीएनएसमध्ये लिहिताना. सार्वजनिक किल्ली चारशेच्या आसपास अक्षरांची होते आणि टीएक्सटी रेकॉर्डच्या एका तुकड्यात २५५ च बसतात. काही पॅनेल आपोआप दोन तुकडे करतात, काही शेपूट मुकाट कापून टाकतात. तुकडे स्वतः अवतरणचिन्हांत करून टाका आणि 'ओपनडीकेआयएम टेस्टकी' चालवून बघा. 'की नॉट सिक्युअर' हा शेरा डीएनएसेक (डीएनएसची उत्तरं सहीने पडताळायची सोय) नसल्याचा आहे, दोष नाही. शेवटी 'की ओके' आलं की झालं.

घरच्या बाजूला १०.८.०.१ हा पत्ता विश्वासू यादीत टाकू नका. टाकलात तर बाहेरून तुमच्याच नावाने आलेल्या खोट्या मेलवर घरचा ओपनडीकेआयएम खरी सही करून देईल.

डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत न बसलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड, सुरुवातीला 'नन' (काही करू नका) ठेवा आणि अहवालासाठी वेगळा पत्ता द्या. मोठ्या सेवा रोज एक झिप पाठवतात. त्यात तुमच्या नावाने कुठल्या आयपीवरून किती मेल गेले आणि सही जुळली का, हे असतं. तीन-चार आठवडे सगळं जुळलं की 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'.

देवनागरीतला पत्ता हवासा वाटणं स्वाभाविक आहे. '.भारत' डोमेन २०१४ पासून मिळतं आणि पोस्टफिक्सला अशा पत्त्यांची भाषा ३.० आवृत्तीपासून येते. पण बँका, सरकारी अर्ज आणि दुकानांच्या साइट तो पत्ता अजून सहसा घेत नाहीत. मुख्य पत्ता रोमन ठेवा, देवनागरी जोडीला. मेलचा मजकूर मात्र मराठीत असो की अहिराणीत, यूटीएफ-८ मध्ये विनातक्रार जातो.

कपाट: घरचं मशीन

सहाव्या पिढीतला आय५ असलेला जुना मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. साधारण १५ वॅट धरा, महिन्याला ११ युनिटच्या आसपास. रास्पबेरी पायही चालतो, पण एसडी कार्डावर नको. लाइटच्या ये-जामध्ये कार्ड टिकत नाही.

डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टफिक्स, मेल साठवून फोनला देणारा डोव्हकॉट आणि त्याचा एलएमटीपी हा पोस्टफिक्सकडून मेल घेणारा भाग. डोमेन 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मध्ये लिहिलं की 'मायडेस्टिनेशन'मध्ये लिहायचं नाही. दोन्हीकडे असेल तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि मेल 'असा वापरकर्ता नाही' म्हणून नाकारतो. डेबियन १३ मध्ये डोव्हकॉट २.४ आहे आणि त्याच्या सेटिंगची घडण बदललेली आहे. २.३ साठी लिहिलेल्या जुन्या फाइली जशाच्या तशा टाकल्या तर तो सुरूच होत नाही. बाहेर जाणाऱ्या मेलसाठी घरच्या 'रिलेहोस्ट'मध्ये चौकटी कंसात १०.८.०.१.

फोनवरून मेल पाठवायचा ४६५ आणि वाचायचा ९९३ हे पोर्ट जगाला उघडू नका. घरातल्या प्रत्येक फोनवर वायरगार्ड टाका आणि मेल बोगद्यातूनच वाचा. पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणारे मग दारापर्यंतही येत नाहीत. सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टचं, डीएनएसमधून पडताळणी करून. ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, पण डोव्हकॉट जुनंच हातात धरून बसतो. नूतनीकरणाच्या पाठोपाठ 'रीलोड' लावलं नाही तर तीन महिन्यांनी एका सकाळी सगळे फोन एकदम तक्रार करतात.

बटण सेल, घड्याळ आणि बंद पडलेला बोगदा

जुन्या मिनी पीसीच्या बोर्डावर सीआर२०३२ हा बटण सेल असतो, चाळीस-पन्नास रुपयांचा. मशीन घेतल्याच्या दिवशी तो बदला. न बदलल्याने जी साखळी लागते ती दुसऱ्या टोकाकडून बघताना अजिबात कळत नाही.

सेल मेलेला असताना लाइट पूर्ण गेली की बायोस सगळं विसरतं. 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' ही सेटिंगही विसरतं, म्हणजे कुणीतरी बटण दाबेपर्यंत मशीन झोपलेलंच. बटण दाबलं तरी घड्याळ मागच्या तारखेला. वायरगार्ड प्रत्येक हाकेवर वेळेचा शिक्का मारतो, आणि आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर व्हीपीएस ती हाक मुकाट टाकून देतो. कुठलाही दोष छापत नाही. बोगदा नाही, म्हणून मेल नाही. चुकीच्या घड्याळाने सर्टिफिकेटंही अमान्य ठरतात. घड्याळ जुळवणारा क्रोनी इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करेल म्हणावं, तर घरातही डीएनएसेक तपासणारा अनबाउंड असेल तर तोही तारखा बघतो, चुकीच्या तारखेमुळे प्रत्येक उत्तर नाकारतो आणि क्रोनीला वेळेच्या सर्व्हरचं नाव सापडत नाही. घड्याळ चुकलं म्हणून डीएनएस नाही, डीएनएस नाही म्हणून घड्याळ चुकलेलंच.

सोडवणूक दोन हातांनी करा. सेल नवा, आणि क्रोनीच्या यादीत निदान एक वेळेचा सर्व्हर नावाऐवजी आयपीने लिहिलेला. बोगदा उठत नसेल तर पहिली आज्ञा 'डेट'. वायरगार्डच्या किल्ल्या तपासत बसण्याआधी तारीख वाचा.

लाइट, ऊन, फुफाटा

घरच्या इन्व्हर्टरवर मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. तो 'यूपीएस'कडे हवा. 'नॉर्मल'मध्ये बदलाला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही, पण पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. राउटर आणि ओएनटी (फायबरचा डबा) हेही त्याच लाइनवर घ्या.

मोठ्या बॅटरीवर मात्र खर्च करू नका. लाइट गेल्यावर थोड्या वेळाने चौकातल्या केबलवाल्याच्या स्विचची बॅटरी संपते आणि इंटरनेट तसंही जातं. घरचं मशीन त्यापुढे सहा तास जागं राहून मेलचा काही फायदा नाही, मेल व्हीपीएसच्या रांगेत सुखरूप असतात. आपल्याला हवं आहे ते व्यवस्थित बंद होणं. त्यासाठी यूएसबीचं तोंड असलेला ६०० व्हीएचा यूपीएस इन्व्हर्टर आणि पीसीच्या मधे ठेवा (स्वस्त यूपीएसना हे तोंड नसतं, घेताना मागची बाजू बघा) आणि नेटवर्क यूपीएस टूल्सला सांगा की बॅटरी अर्धी झाली की मशीन बंद कर. त्यातली ७ एएचची बॅटरी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत फुगते, ती बदलायचा खर्च धरून चला.

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखाली किंवा माळ्यावर मशीन ठेवू नका. धाब्याचं जुनं घर असेल तर मातीच्या जाड भिंतीची आतली खोली, जमिनीपासून फूटभर वर, ही सगळ्यात चांगली जागा. कूलरच्या झोतात मात्र नको. त्या हवेत ओल असते, आणि बोअरचं पाणी जड असेल तर जाळीवर दिसतो तोच पांढरा क्षार बोर्डावर बसतो. चैत्र-वैशाखातला फुफाटा आणि जिनिंगच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे जमतात. दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

अर्थिंगकडेही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि मिठा-कोळशाचा भराव वायरमनकडून तपासून घ्या.

बॅकअप आणि बदली

मेल 'मेलडिर' पद्धतीने ठेवले की प्रत्येक मेलची वेगळी फाइल होते आणि रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने रोज रात्री फक्त नवं तेवढं उचलता येतं. एक प्रत घरातल्या दुसऱ्या डिस्कवर, एक गावाबाहेर कुठेतरी. डीकेआयएमची किल्ली, वायरगार्डच्या किल्ल्या आणि डोव्हकॉटचे पासवर्ड त्यात असल्याची खात्री करा. दोन महिन्यांतून एकदा एखादा फोल्डर खरोखर परत काढून बघा.

पहिले तीन महिने बँक, आधारशी जोडलेल्या सेवा आणि डोमेन विकणाऱ्याचं खातं जुन्या पत्त्यावरच राहू द्या. डोमेनचं खातं तर कायमच. डोमेनची मुदत संपल्याचा इशारा त्याच डोमेनवर येणार असेल तर तो कधीच वाचला जाणार नाही.

कुणाला दाखवण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली: मोबाइलच्या इंटरनेटवरून कुठल्याही व्हीपीएन-शिवाय, किंवा मित्राच्या सर्व्हरवरून, तुमच्या दाराशी २५ नंबरवर बोला आणि तिसऱ्याच डोमेनच्या पत्त्यावर मेल द्यायचा प्रयत्न करा. ५५४ किंवा ४५४ ने 'रिले नाकारला' असं उत्तर आलंच पाहिजे. '२५०' आलं तर त्याच मिनिटाला पोस्टफिक्स बंद करा आणि 'मायनेटवर्क्स' वाचा.

दुसरी चाचणी लाइटची. घरच्या मशीनचा मेन खटका पाडा. बाहेरच्या पत्त्यावरून पाच मेल पाठवा, त्यातला एक मोठ्या पीडीएफचा आणि एक नसलेल्या नावाचा. नसलेल्या नावाचा लगेच ५५० ने परत आला पाहिजे. उरलेले चार व्हीपीएसच्या रांगेत 'डिफर्ड' म्हणून दिसतील. दोन तासांनी खटका उचला आणि मशीनला हात लावू नका. ते स्वतः उठलं, घड्याळ बरोबर, बोगदा जुळला, आणि रांगेतले चारही मेल पंधरा मिनिटांच्या आत घरच्या फोल्डरमध्ये आले, तर एमएक्स रेकॉर्ड कायमचा करायला हरकत नाही.